ज्या बगीच्याचे तण मी काढले

मित्रांनो, माझे पाते झिजून आता दोन बोटांएवढे उरले आहे. मूठ इतकी गुळगुळीत झाली आहे, की घामेजलेल्या हातातून निसटते. मी एक जुने खुरपे आहे. अकोल्यातल्या एका वस्तीत इंदूबाईंच्या घराच्या पत्र्याखाली जी फट आहे, तिथे मी खोचलेले असते. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी हातात धरले नसेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे.

माझा जन्म बाळापूरचा. एका ट्रकच्या मोडक्या कमानीचा तुकडा नत्थुजी लोहारांनी भट्टीत लालभडक केला, ठोकून ठोकून पातळ केला, वाकवला आणि पाण्यात बुडवला. त्या वेळचा चर्र आवाज मला अजून आठवतो. मग त्यांनी मला बाभळीची मूठ बसवली. आठवडी बाजारात इंदूबाईंनी मला उचलले, तेव्हा त्या नव्या नवरीच होत्या. त्यांनी माझी धार अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली.

"ने बाई, ने," नत्थुजी म्हणाले. "तुह्या हातात म्हातारं होईन हे."

तेवढे त्यांचे खरे ठरले.

माझी उमेदीची वर्षे वावरात गेली. कपाशीच्या पऱ्हाटीत, तुरीत, सोयाबीनमध्ये तण काढत निंदण करणाऱ्या बायांची रांग लागे आणि त्या रांगेत आम्ही नेहमी पुढे असू. दुपारी विहिरीच्या दगडावर इंदूबाई मला घासत. बाया म्हणत, "इंदूचं खुरपं वखरावानी चालते." हे ऐकून मला अभिमान वाटे. त्या वयात शाबासकी पुरत असते.

पुढे इंदूबाईंचे यजमान देवमन यांना अकोल्यातल्या एका दालमिलमध्ये पोती उचलण्याचे काम मिळाले आणि आम्ही इथे आलो. वस्तीच्या एका बाजूला ट्रकांचा रस्ता. दुसऱ्या बाजूला कॉलनी, बंगल्यांची, रंगीत कुंपणांची. या दोहोंच्या मध्ये महानगरपालिकेचा एक बगीचा होता. होता म्हणायचे एवढेच. पाण्याची मोटर बंद पडली, माळ्याची बदली झाली, मग कोणी फिरकलेच नाही. गाजरगवत पुरुषभर वाढले. घाणेरीने घसरगुंडी गिळली. झोपाळ्याच्या साखळ्यांवर वेल चढले. फाटकाची कडी नुसती लोंबत असे, पण आत जाणार कोण? लोक भिंतीवरून कचरा फेकत. कॉलनीतले लोक नाकाला रुमाल लावून जात आणि आमच्या वस्तीतले लोक लेकरांना सापाची भीती घालत.

इंदूबाई वावरात जाणाऱ्या बायांबरोबर ऑटोतून रोज त्या भिंतीजवळून जात. त्यांनीही कधी आत पाहिले नव्हते. मग एका हिवाळ्यात देवमनला लकवा मारला.

उजवा हात आणि उजवा पाय गेला. सरकारी दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज चालवा यांना. सपाट जागेवर, मऊ जमिनीवर, थोडे थोडे. बसून राहिले तर पाय कायमचा जाईल." हे सांगणे सोपे होते. रस्त्यावर ट्रक. वस्तीतल्या बोळीत नालीवरच्या फरश्या डुगडुगत्या. दोन दिवस इंदूबाईंनी त्यांना बोळीत चालवून पाहिले. तिसऱ्या दिवशी देवमन खाटेवर बसले आणि उठायला तयार होईनात.

त्या सकाळी इंदूबाईंनी मला फटीतून काढले. वावरात जायची वेळ नव्हती, म्हणून मला नवल वाटले. त्या सरळ बगीच्याच्या फाटकाशी गेल्या, ते ढकलले आणि भिंतीकडेला उकिडव्या बसल्या.

मित्रांनो, मी पुष्कळ तण पाहिले होते. पण पेरलेल्या वावरातले तण पोरसवदा असते. त्याला दरवर्षी कोणीतरी उपटत असते. इथले तण मुक्कामी होते. कुंद्याची मुळे काळ्या मातीत हातभर खोल उतरली होती. लव्हाळा वरून खुडावा तर खाली त्याच्या काळ्या गाठी माळेसारख्या निघत, आणि एक जरी राहिली तरी आठवड्यात हिरवे टोक वर येई. गाजरगवताने इंदूबाईंची मनगटे सुजली, अंगावर चट्टे उठले. त्या रात्री खोबरेल चोळत आणि सकाळी पुन्हा येत. संध्याकाळी माती भिजवायची आणि सकाळी खणायची, असा त्यांचा क्रम. माझे पाते दगडांवर आपटून बोथट होई. मूठ एकदा उकलली, तर त्यांनी तार गुंडाळली. ती तार अजून माझ्या अंगावर आहे.

"काहून वं, वेडी झाली का?" शेजारच्या जमुनाने भिंतीवरून विचारले. "हा का आपला बगीचा आहे?"

"मंग कोनाचा आहे?" इंदूबाईंनी मान वर न करता विचारले.

दुसऱ्या दिवशी जमुना आपला विळा घेऊन आली. मग आणखी दोघी आल्या. घाणेरीची झुडपे तोडली, पेटवली. तणाखालून फरशीची पायवाट निघाली, तेव्हा बाया हसल्या, जणू कोणाचा हरवलेला दागिना सापडला. भीमजयंती जवळ आली होती. "जयंतीले लेकरं अथीच खेळतीन," जमुना म्हणाली, आणि खरेच त्या दिवशी निळ्या फेट्यातली पोरे घसरगुंडीवर रांग लावून होती.

देवमन मात्र त्याच्या आधीपासूनच चालू लागले होते. पहिली पट्टी साफ झाली त्याच सकाळी इंदूबाईंनी त्यांना खांद्याचा आधार देऊन आणले. भिंतीला डावा हात लावून ते चालले. पाय फरफटत होता. शेवटाला पोचल्यावर ते वळले आणि म्हणाले, "आता तू सोड. मी येतो." मी तेव्हा मातीत रुतलेले होते. इंदूबाईंनी मला उपसले, पण बराच वेळ त्या नुसत्या मूठ धरून बसल्या.

याच दिवसांत कॉलनीतले भगवंतराव बगीच्यात येऊ लागले. ते निवृत्त मनुष्य; मूळचे शेतकरी घरचे, गावाकडे अजून काळी जमीन असलेले. पहिल्या दिवशी फाटकात उभे राहून त्यांनी चौफेर पाहिले आणि म्हणाले, "वा बाई! जिवंत केला तुम्ही हा." दुसऱ्या दिवसापासून ते फिरायला येऊ लागले. देवमन हळू चालत, म्हणून तेही हळू चालत. दोघांच्या गप्पा तुरीवरून पऱ्हाटीवर, पऱ्हाटीवरून गुडघ्यांवर येत. भगवंतराव थर्मासमधून चहा आणत. एक कप ते घेत, एक देवमनला देत. पावसाळा लागला तसा देवमनने डाव्या हाताने मोगऱ्याची एक काडी लावली. खड्डा माझ्याच पात्याने खणला. भगवंतरावांनी तिच्यावर छत्री धरली, त्यामुळे दोघेही भिजले.

"देवमनजी, हे फुललं का मंग पहिलं फूल मले," भगवंतराव म्हणाले.

"घ्या ना, तुमचंच आहे," देवमन म्हणाले.

मला वाटले होते, माझे म्हातारपण इथेच सुखात जाईल.

बगीचा हिरवा झाला तसा कॉलनीला दिसू लागला. किशोरभाऊ नावाचे एक उत्साही गृहस्थ होते. त्यांनी उद्यान समिती काढली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. भगवंतराव वयाने मोठे, म्हणून त्यांना सल्लागार नेमले. एका रविवारी मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, नगरसेवकांना बोलावले. इंदूबाई आणि जमुना धुतलेली लुगडी नेसून आल्या. कोणी बोलावले नव्हते, पण येऊ नका असेही कोणी म्हटले नव्हते. इंदूबाईंनी मला आदल्या दिवशी राखेने घासून लखलखीत केले होते.

"ताई, द्या जरा ते. फोटोपुरतं," किशोरभाऊ म्हणाले आणि त्यांनी मला घेतले.

नगरसेवक खाली बसले. साफ केलेल्या जमिनीवर त्यांनी मला टेकवले, तेही उलटे, धार आकाशाकडे करून. टाळ्या झाल्या. भाषणात किशोरभाऊ म्हणाले, "आपल्या कॉलनीच्या श्रमदानातून आज हे नंदनवन उभं राहिलं." पुढल्या रांगेत भगवंतराव बसले होते. त्यांनीही टाळी वाजवली. मग लोक नाश्त्याकडे गेले आणि मी टेबलाखाली पायांच्या धक्क्याने सरकत सरकत मांडवाच्या खांबाशी जाऊन पडले. इंदूबाईंनी मला शोधून काढले. त्यांनी पदराने माझी माती पुसली. जमुनाच बोलली.

"नाव तरी घ्यायचं होतं बापा, एक येळा!"

नाव न घेण्याने कोणी मरत नाही, असे तेव्हा मला वाटले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फाटकाला नवे कुलूप लागले, खाकी कपड्यांतला एक चौकीदार बसला आणि भिंतीवर पाटी आली : हे उद्यान केवळ कॉलनीतील रहिवाशांसाठी. देवमन सकाळी नेहमीप्रमाणे गेले, तर चौकीदाराने हात आडवा केला. देवमनला वाटले, हा नवा आहे, ओळखत नाही. ते तिथेच काठी टेकून उभे राहिले, कोणीतरी ओळखीचे येईल म्हणून. तसेच इंदूबाईंना ते सापडले. त्या ऑटोत बसायला निघाल्या होत्या. मी त्यांच्या कमरेला खोचलेले होते.

इतक्यात आतून किशोरभाऊ आले. बरोबर भगवंतराव होते, हातात थर्मास होता.

"ताई, तुमच्याबद्दल काही नाही," किशोरभाऊ म्हणाले. आवाज गोड होता. "पण तुम्हाला सोडलं तर उद्या सगळी वस्ती आत येईल. झोपाळे तुटतील, घाण होईल. नियम म्हणजे नियम. सगळ्यांना सारखा."

"घान?" इंदूबाई म्हणाल्या. "घान आमी काढली ना भाऊ अथची."

"ते आम्ही मानतोच ना. आम्ही आभार मानले होते."

इंदूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्या भगवंतरावांकडे वळल्या.

"काकाजी, तुमी सांगा ना याहिले. तुमी रोज संग फिरता. डाक्टरनं चालाले सांगतलं आहे, तुमाले मालूम आहे."

मित्रांनो, एका माणसाच्या तोंडून दोन शब्द निघायचे होते. येऊ द्या, एवढेच. किशोरभाऊंनी ते ऐकले असते. वडीलधाऱ्या माणसापुढे ते नमून वागत. मी वाट पाहत होते. भगवंतरावांनी थर्मासचे झाकण घट्ट केले. ते आधीच घट्ट होते.

"समितीचा निर्णय आहे बाई," ते म्हणाले. "मी काय बोलू?"

देवमनने काठी उचलली. "चाल वं घरी," ते म्हणाले. "माहा पाय दुखून राहिला."

त्यांचा पाय दुखतो असे ते इतक्या महिन्यांत एकदाही म्हणाले नव्हते.

महानगरपालिकेच्या बगीच्यावर कॉलनीची पाटी कशी, हे विचारायला इंदूबाई आणि जमुना नगरसेवकांच्या घरी जाऊन आल्या. "पाहतो," असे उत्तर मिळाले. ते अजून पाहत आहेत. देवमन मात्र हट्टाने रस्त्याच्या कडेने चालू लागले. इंदूबाई वावरात गेल्या की ते एकटेच निघत. एका सकाळी मागून ट्रकने भोंगा वाजवला. ते दचकले, नालीच्या काठावरून पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. त्यानंतर ते खाटेवरून उठले नाहीत. पाठीला जखमा झाल्या. थंडी पडायच्या आत ते गेले.

मी फटीतून सारे पाहत होते. बाया आल्या, मिलमधले हमाल आले. गेलेल्या माणसासाठी वंदना म्हणतात, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळी वस्ती पांढरी वस्त्रे नेसून बसली होती. कॉलनीतून कोणी आले नाही. जमुना सांगत होती, की भगवंतराव कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत येऊन परत गेले. खरे-खोटे मला ठाऊक नाही. आले असते तर इंदूबाईंनी त्यांना बसायला चटई दिली असती, एवढे मला नक्की ठाऊक आहे.

आता बगीच्याचे ऐका. पुढच्या पावसाळ्यात तण पुन्हा उठले. उठणारच. जमिनीत गाठी होत्या, आणि दर दोन-चार दिवसांनी बसून त्या वेचणारे हात बाहेर होते. कॉलनीतल्या कोणालाच उकिडवे बसवत नव्हते. किशोरभाऊंनी तणनाशक मारून घेतले. चार दिवसांत सगळे पिवळे पडले. झेंडू जळाला, हिरवळ जळाली, देवमनचा मोगरा कळ्यांसकट जळाला. पाऊस झाला आणि त्या उघड्या जमिनीवर सर्वांत आधी लव्हाळा परतला, त्याच्या मागून कुंदा, मग गाजरगवत. कॉलनीतल्या लेकरांच्या अंगावर चट्टे उठू लागले. झोपाळे रिकामे राहू लागले.

तेव्हा समितीला इंदूबाई आठवल्या. बोलवायला कोणी जावे? भगवंतरावांची ओळख होती, म्हणून त्यांनाच पाठवले.

ते आले, तेव्हा इंदूबाई वावरातून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी खाट टाकली, पाणी दिले. भगवंतरावांनी ग्लास रिकामा केला. मग म्हणाले, "इंदूबाई, बगीचा पार वाया गेला. तुमी आल्या तर... समिती तुमचा मान ठेवीन. शाल-श्रीफळ देऊ म्हणतात."

"पाटी काढतीन का?"

भगवंतरावांनी मान खाली घातली. "मी एकटा काय करू?"

"म्या एकटीनंच सुरू केलं होतं, काकाजी," इंदूबाई म्हणाल्या.

भगवंतरावांचे डोळे भरले. त्यांनी वर पाहिले आणि फटीत त्यांना मी दिसले.

"ते खुरपं द्या मले," ते म्हणाले. "मी बसतो. मी काढतो. पाटी बी मीच काढतो. देवमनजीसाठी."

इंदूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे त्या चेहऱ्यावर शोधत होत्या. मग त्यांनी मला काढून त्यांच्या हातात दिले.

मी खरे सांगते, मला आनंद झाला. दुसऱ्या सकाळी भगवंतराव खरेच बसले. नेमके जळक्या मोगऱ्यापाशी बसले. त्यांचा हात मऊ होता. कुंदा खणताना मूळ अर्ध्यात तुटे. ते पुन्हा खणत. तळहाताला फोड आला, तरी ते थांबले नाहीत. "देवमनजी, त्या दिवशी मी..." असे एकदा ते मातीकडे पाहून म्हणाले. पुढचे सोडून ते पुन्हा खणू लागले. हातभर जागा साफ झाली. मी मनात म्हटले, काही माणसे उशिरा का होईना, वळतात.

फिरायला आलेले लोक थांबू लागले. कोणी हसले. किशोरभाऊ लगबगीने आले. "काका, हे काय? तुम्ही असं मजुरासारखं बसलेलं लोकांनी पाहिलं तर आपली काय शोभा राहील? आणि ते पाटीबिटीचं मनातून काढा. लोक तुमचंच नाव घेतील, की वस्ती आत यांनी घुसवली म्हणून."

भगवंतराव उठले. गुडघे झटकले. त्यांनी मला चौकीदाराच्या खुर्चीजवळ ठेवले आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पावसात मी तिथेच भिजले, गंजले. शेवटी त्यांनी चौकीदाराच्या हाती मला परत पाठवले. पात्यावर वाळलेली माती तशीच होती.

"साहेबांची कंबर धरली म्हणे," चौकीदार म्हणाला. "हे तुमचं."

इंदूबाईंनी मला घेतले. दारातल्या दगडावर बसून त्यांनी ती माती खरवडून काढली, राख घेऊन गंज घासला. जमुना तणतणत होती, "फेकून द्याचं होतं त्याहिच्या आंगावर!" इंदूबाई घासतच राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या कोनाच्या वावरात आहे वं निंदन?"

त्या बगीच्यात आता पाटीही तणात बुडाली आहे, पण कुलूप पक्के आहे. आम्ही रोज वावरात जातो.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा, गंजू देऊ नका. मी ते मागणार नाही. मला जपणारे हात मला मिळाले. मला तुमच्याकडून वेगळेच हवे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणत्यातरी समितीत बसाल, कोणत्यातरी फाटकाच्या आत उभे असाल. तेव्हा बाहेर एखादे माणूस काठी टेकून उभे राहील आणि तुमच्याकडे पाहील. तुम्ही वाईट नसाल. तुमचे डोळेही भरून येतील. पण ते भरलेले डोळे घेऊन घरी जाऊ नका. त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, तोंड उघडा. नंतर माझी मूठ धरायला याल, तर ती तुमच्या हातातून निसटेल.